मीठ तेवढं बाजारचं

“बाई, भाजीपण विकत आणि पीठपण विकत? मग तू घरी करते काय?”

दारात टोपली उतरवता उतरवता आजींनी हा प्रश्न विचारला आणि मी चांगलीच वरमले. सहा वर्षांपूर्वी ह्यांची मोलगीला बदली झाली, त्या पहिल्या पावसाळ्यातली ही गोष्ट. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात आमचं हे गाव. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून वर यायचं. एरवी गाव शांत असतं. पण आठवडे बाजाराच्या दिवशी पाड्यापाड्यांवरून माणसं उतरतात आणि गावाला जत्रेचं रूप येतं.

आजी अशाच एका पाड्यावरच्या. घरात भिली बोलणाऱ्या. माझ्याशी बोलताना मात्र बाजारात शिकलेली मराठी. मी उलट विचारलं, “मग आजी, तुम्ही काय विकत घेता?” त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. “कापड. मीठ. चहा-साखर. एखादं भांडं.” एका हाताची बोटंसुद्धा संपली नाहीत. मग हसून म्हणाल्या, “माझ्या आईच्या टायमाला तर मीठ तेवढं बाजारचं.”

आजी गेल्या, पण ते वाक्य काही जाईना. माझं माहेर धुळ्याचं. तिथे कोपऱ्यावर वाण्याचं दुकान, दारात भाजीची हातगाडी. इथे त्याच आठवड्यात घाटात दरड कोसळली, दोन दिवस गाड्या बंद राहिल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात कणकेचा डबा पालथा! बी. ए. झालेली, शाळेत मुलांना ‘स्वावलंबन’ विषयावर निबंध लिहायला लावणारी मी, आणि दोन दिवसांच्या पावसाने हवालदिल. त्याच रात्री मी मनाशी ठरवलं: आता आपलं घर आपल्या हिमतीवर चालवायचं.

माझा खटाटोप

मी काय काय केलं ते सांगितलं तर तुम्हाला हसू येईल. परसात पाच वाफे केले. धान्य वर्षाचं भरलं. पीठ घरी दळायची छोटी चक्की आणली. मसाले, लोणची, पापड तर होतेच. त्यात मुलांचे कपडे शिवणं, पडद्यांच्या पिशव्या, दंतमंजन आणि शेवटी अंगाचा साबणही.

वाफ्यांतली मेथी शेजारच्या शेळ्यांनी फस्त केली. वर्षाच्या गव्हात पोरकिडे झाले, कारण गहू पुरता वाळायच्या आधीच घाईने मी कोठी बंद केली होती. साबण करताना कॉस्टिक सोड्याचा शिंतोडा मनगटावर उडाला, त्याचा डाग अजून आहे. (हा प्रयोग कुणी करणार असाल तर हातमोजे घाला, सोडा पाण्यात टाका, पाणी सोड्यावर कधीही ओतू नका आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.)

तरीही दुसऱ्या वर्षी बरंच जमलं. पाहुणे आले की हे कौतुकाने सांगायचे, “आमच्याकडे सगळं घरचं बरं का!” मलाही बरं वाटायचं. पण ते ‘सगळं घरचं’ करायला पहाटे साडेचारला उठणारी आणि रात्री अकराला दिवा मालवणारी एकच व्यक्ती होती. शाळा माझी अर्धवेळची, तरी तिथे मी दमूनच पोचायची. वह्या तपासायच्या राहू लागल्या. एके दिवशी वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिताना क्षणभर डोळाच लागला. मुलं हसली. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, “शाळा सोडते. घरचंच नीट करते.”

ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हटलं, “बघ, तुला झेपेल तसं.” खरं सांगते, त्या ‘तुला’ने मला झोंबलं. घर दोघांचं, कौतुक दोघांचं आणि झेपायचं मात्र एकटीला!

आजींचा दुसरा प्रश्न

दोन दिवसांनी आजी आल्या. मी त्यांना मोठ्या हौसेने सगळा संसार दाखवला. वाफे, कोठी, साबणाच्या वड्यासुद्धा. त्यांनी सगळं पाहिलं, वडीचा वास घेतला आणि विचारलं, “हे एकटीनं केलं?”

मी म्हटलं, “हो, एकटीनं.”

“एकटीनं का बाई? तुझं कोणी नाही का?”

आजींच्या स्वरात कौतुक नव्हतं, कीव होती. मला वाटत होतं मी त्यांच्यासारखी झाले. त्यांना दिसत होती ती एक एकाकी बाई. हळूहळू चौकशी करता करता मला कळलं, की ज्या डोंगरातल्या जगण्याला मी ‘स्वावलंबी’ म्हणत होते, त्यात एकटीने करायचं असं जवळजवळ काहीच नाही.

निंदणी आली की एका घरची हाक जाते. पाड्यावरची माणसं जमतात, दिवसभर त्या शेतात राबतात. मजुरी नाही, जेवण त्या घरचं. उद्या दुसऱ्याचं शेत. ह्या पद्धतीला सातपुड्यात ‘लाह’ म्हणतात. घर बांधायचं तरी तसंच. बी संपलं तर शेजारी बी देतो. ज्वारी, मका, तूर, उडीद, भगर, मोर, बर्टी अशी पिकं एकाच डोंगरउतारावर मिसळून घेतात. एक बुडालं तर दुसरं तारतं. बियाण्याची कणसं चुलीच्या वर धुरात टांगलेली असतात, म्हणजे कीड लागत नाही. दुधी भोपळ्याचं बी भोपळ्यातच वाळतं. धान्य शेणामातीने लिंपलेल्या बांबूच्या कणगीत. आणि कणगीतल्या दाण्याला देवत्व: याहामोगी ही इथली अन्नदेवता. नवं धान्य तिला दाखवल्याशिवाय जिभेला लावत नाहीत.

मग मला माझी आई आठवली. धुळ्याला आमच्या गल्लीत उन्हाळा आला की ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड, कुरडया, शेवया. आज कुलकर्णी काकूंच्या गच्चीवर, उद्या पाटील मावशींच्या ओसरीवर. प्रत्येकीने आपलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं. कोण किती लाटतं ह्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. आम्ही मुली लाट्या खात बसायचो. ती आमच्या गल्लीची ‘लाह’च होती की! ती आम्ही सोडली, पाकिटं आणली आणि आता त्या पाकिटांना कंटाळून एकेकटीने पुन्हा सगळं करू पाहतो. मधला माणसांचा भाग तेवढा विसरलो.

थोरांचे प्रयोग

मग मी वाचायला लागले. आपल्या महाराष्ट्रात स्वावलंबनाचे किती तऱ्हेतऱ्हेचे प्रयोग झाले आहेत!

विनोबांनी १९५० साली वर्ध्याजवळच्या पवनारच्या आश्रमात ‘कांचनमुक्ती’ आरंभली. पैशाचा व्यवहारच नको; पोटापुरतं धान्य-भाजी स्वतःच्या श्रमाने पिकवायची, कापड स्वतः कातायचं-विणायचं. बैलसुद्धा न वापरता, केवळ हातांनी केलेल्या त्या शेतीला त्यांनी ‘ऋषीशेती’ म्हटलं. पुढच्याच वर्षी ते भूदानाच्या पदयात्रेला निघाले. पण १९५९ मध्ये त्याच जागी त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथल्या भगिनींनी शेती, स्वयंपाक, सफाई, छपाई अशी सगळी कामं आपसांत वाटून घेतली आणि निर्णय सर्वसंमतीने घेण्याची रीत ठेवली. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटलं ठाऊक आहे? स्वयंपाकाचीसुद्धा पाळी! ते एकीच्या नशिबी कायमचं बांधलेलं काम नाही.

दुसरी तऱ्हा प्रा. श्री. अ. दाभोळकरांची. हे गणिताचे प्राध्यापक. त्यांचा ‘प्रयोग परिवार’ म्हणजे शाळा नव्हे की संस्था नव्हे. ज्याने त्याने आपल्या जागेत प्रयोग करायचा आणि अनुभव दुसऱ्याला पत्राने कळवायचा. ऊन, पाणी आणि काडीकचरा यांचा नीट हिशोब ठेवला तर दहा गुंठ्यांत एक कुटुंब चांगलं जगू शकतं, असं त्यांचं म्हणणं. शहरातल्या गच्चीवर उसाच्या चिपाडांत आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात भाजी पिकवायची युक्ती त्यांच्यामुळे घराघरांत पोचली. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. इथेही पाहा, एकेकट्याचा प्रयोग, पण परिवार सगळ्यांचा.

तिसरी तऱ्हा दिलीप आणि पौर्णिमा कुलकर्णी या दांपत्याची. दिलीपराव टेल्कोत इंजिनिअर होते. ती नोकरी सोडून हे दोघं दापोली तालुक्यातल्या कुडावळे गावी राहायला गेले. त्यांनी मिळकत वाढवण्याऐवजी गरजा कमी केल्या आणि ‘गतिमान संतुलन’ या मासिकातून तो विचार लोकांपुढे मांडला. जास्त पिकवणं हा एक मार्ग, कमी लागणं हा दुसरा. माझ्यासारखीला दुसराच सोपा. त्याला पहाटे साडेचारला उठावं लागत नाही.

आणि राहीबाई पोपेरे! अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या बाई शाळेत गेल्या नाहीत. पण गावरान भाज्यांचं आणि धान्याचं बी त्यांनी घरात जपलं, बायकांत वाटलं आणि त्यातून बियाण्यांची बँक उभी राहिली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ‘बायफ’ ही संस्था त्यांच्या पाठीशी होती. आमच्या शेजारच्या धडगाव तालुक्यातही बायफच्या मदतीने गावकऱ्यांनी असंच बी जपलं आहे. बी हातात असणं म्हणजे पुढच्या वर्षाची चावी हातात असणं, हे मला राहीबाईंवरून आणि आमच्या आजींवरून उमगलं.

पण सगळं गोड नाही

हे वाचून कुणी म्हणेल, चला, डोंगरातलं जीवन किती सुखाचं! तसं समजू नका. मी इथे राहते म्हणून सांगते.

आमचा जिल्हा महाराष्ट्रात कुपोषणासाठी ओळखला जातो. उताराची जमीन थोडी, पावसावरची. दिवाळीनंतर पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात. माझ्या वर्गातली मुलंही त्यांच्याबरोबर जातात आणि हजेरीपटावर रकाने रिकामे राहतात. आजींचा धाकटा मुलगाही जातो. रेशनचं धान्य आता पाड्यावर येतं आणि ते आलं नाही तर चूल अडते.

आमचूराचंच पाहा. मोलगीचा बाजार आमचूरासाठी प्रसिद्ध. एप्रिल-मेमध्ये घराघरांपुढे, खडकांवर, छपरांवर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतात. झाडावर चढून कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या, वाळवायच्या. बहुतेक काम बायकांचं आणि मुलांचं. अवेळी पाऊस आला की फोडी काळ्या पडतात आणि भाव पडतो. माल घरचा, मेहनत घरची, पण भाव ठरवणारा दुसराच. ह्याला पुरतं स्वावलंबन कसं म्हणावं?

आणखी एक गोष्ट इथल्या लोकांच्या मनात अजून आहे. धडगाव तालुक्यातल्या बिलगावला उदई नदीच्या धबधब्यावर २००३ साली गावकऱ्यांनी श्रमदानाने छोटं वीजघर उभारलं. केरळातून आलेल्या दोन तरुण इंजिनिअरांनी तंत्र दिलं, दगड-माती गावाने वाहिली. जिथे तारा पोचल्या नव्हत्या तिथे पंधरा किलोवॅटचा आपला उजेड पडला. आणि २००६ साली सरदार सरोवराचं पाणी मागे फुगत आलं, त्यात ते वीजघर बुडालं. आपल्या बळावर काही उभारलं तरी ते टिकण्यासाठी बाहेरच्या निर्णयांत आपला शब्द लागतो, हे त्या गावाने किंमत मोजून शिकलं.

एकदा मी आजींना विचारलं, “तुमच्या नातीला शेत शिकवणार की शाळा?” त्या म्हणाल्या, “शेत तर तिला येतं. शाळा शिकू दे, पगार मिळू दे. मीठ घ्यायला कोणापुढे हात नको.”

त्या रात्री मी शाळा सोडण्याचा विचार सोडला.

माझा आजचा हिशोब

पगार छोटा आहे, पण तो माझा आहे. त्याच्या बळावर मी काय विकत घ्यायचं आणि काय घरी करायचं हे ठरवू शकते. स्वावलंबन म्हणजे सगळं आपणच करणं नव्हे. कुणावर अवलंबून राहायचं हे आपल्याला ठरवता येणं आणि त्या माणसाच्याही आपण उपयोगी पडणं, एवढाच अर्थ मी आता धरते.

मी वहीत दोन रकाने पाडले. साबण, दंतमंजन, शिवण हे ‘विकत’च्या रकान्यात गेलं. गावातल्या एका शिंपीणबाईंना माझ्या शिवणाचे पैसे मिळतात, मला माझी संध्याकाळ मिळते. घरी राहिलं ते धान्य, वाळवण, दोन वाफे आणि बी. आणि तिसरा रकाना नवा: ‘कोण करणार’. धान्य वाळवणं आणि निवडणं ह्यांच्याकडे आणि मुलांकडे. पहिल्या खेपेला ह्यांनी खडे तसेच ठेवले, दाताखाली आले, मग दुसऱ्या खेपेपासून चष्मा लावून बसतात! पापडाला आम्ही चौघी शिक्षिका एकत्र जमतो. आळीपाळीने एकेकीच्या घरी, जेवण त्या घरचं.

शहरातल्या मैत्रिणींना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी अनुभवाने सांगते:

धान्य: कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. सावलीत निववूनच कोठीत भरा. गरम धान्य भरलं की वाफ धरते आणि कीड पडते. वर वाळलेला कडुनिंबाचा पाला. तांदूळ आणि डाळींना एरंडेलाचा हलका हात.

बी: गॅलरीतल्या कुंडीत मेथी, कोथिंबीर, वाल यांपासून सुरुवात करा. सगळ्यात जोमदार झाडाला हात लावू नका, ते बियांसाठी पिकू द्या. कडधान्याचं बी चाळलेल्या राखेत घोळून काचेच्या बरणीत ठेवा आणि वर नाव, महिना लिहा. मात्र संकरित बियाण्याच्या पाकिटातून आलेल्या झाडाचं बी धरू नका. पुढची पिढी तशीच येत नाही.

आमचूर: कोय कठीण व्हायच्या आत आंबट कैरी घ्या. सोलून स्टीलच्या सुरीने पातळ चिरा. लोखंडी विळीने फोडी काळ्या पडतात. स्वच्छ कापडावर, वर जाळी घालून कडक उन्हात चांगल्या खुळखुळीत होईपर्यंत वाळवा आणि लागेल तसंच कुटा. वर्षभर वरणाला चव राहते.

वही: महिनाभर ‘घरी केलं’ आणि ‘विकत आणलं’ हे लिहा आणि घरी केलेल्याच्या पुढे किती तास लागले तेही लिहा. तासांचा रकाना नवऱ्याला मुद्दाम वाचून दाखवा!

आणि शेवटची सूचना: एक काम तरी शेजारणीबरोबर करा. वाळवण, बियांची देवाणघेवाण, काहीही.

गेल्या पावसाळ्याच्या आधी आजींनी मला दुधी भोपळ्याचं मूठभर बी दिलं. मी पैसे काढले तर त्या रागावल्या. “बी विकत नसतं बाई. पिकलं की दोन मुठी परत दे.” मी वेल मांडवावर चढवला, शेळ्यांसाठी काट्यांचं कुंपण ह्यांनी घातलं आणि एक भोपळा वेलावरच वाळू दिला. हिवाळ्यात आजी आल्या तेव्हा दोन मुठी बी मोजून त्यांच्या पदरात घातलं.

त्यांनी ते नीट पारखलं, गाठ मारली आणि डोळे मिचकावून विचारलं, “मग आता भाजी विकत नाही घेत?”

“घेते की,” मी म्हटलं, “बसा. आज टोपलीत काय आणलंय?”